बावीस हुकूम

तो शनिवार बिनबोभाट पार पडला असता, तर ऑरिन पेलच्या पदरात बरंच काही पडणार होतं. कॅप्टनचा लाल कमरपट्टा, हे तर उघडच. शिवाय कॅप्टनचं घर. सॉरेल पॉइंटच्या एकोणीस गवती छपरांत ज्याचं धुराडं धूर नीट बाहेर ओढी असं तेवढं एकच होतं, आणि सार्जंटच्या घरात चुलीपुढे सतरा वर्षं काढून ऑरिनचे डोळे असे झाले होते की पाहुण्यांना वाटे, हा माणूस मायदेशाच्या आठवणीनं सदा गहिवरलेला आहे. मग हिवाळा. नोव्हेंबरात गाव मिटलं की सार्जंटला घरी धाडत, आणि तो मार्चपर्यंत हार्डवेअरच्या दुकानात खिळ्यांच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत बसे. कॅप्टनला मात्र बारमाही काम. आणि एक गोष्ट तो बायकोलाही सांगत नसे: सतरा वर्षं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेला ‘झाडा!’ हा बार उडवायचा हुकूम त्याला कायमचा स्वतःच्या तोंडी हवा होता.

एवढ्या सगळ्याच्या बदल्यात त्यानं द्यायचं होतं अगदी थोडं. सहा बंदुका, दोन फैरी, आणि विमा कंपनीच्या बाईंच्या वहीत एक कोरं पान.

सॉरेल पॉइंट म्हणजे तिकीट काढून बघायचं, जुन्या काळासारखं उभारलेलं गाव; तिथं वर्ष कायम १६३४. लाकडी कुंपणाच्या आत फोन, विमान, अमेरिका नावाचा देश, यातलं काहीच कुणाला ठाऊक नसतं. पाहुणे मुद्दाम खोड काढतात, “सार्जंट, वायफायचा पासवर्ड काय?” आणि सार्जंटनं भुवया चढवून विचारायचं, “वायफाय? कुणाचा मुलगा? रविवारी प्रार्थनेला येतो का?” पाहुणे खूश. यातून बाहेर पडायची वाट एकच होती, टोपी. टोपी डोक्यावर आहे तोवर १६३४. टोपी काढली की आजची तारीख. कुणाला भोवळ आली, कुणाचं मूल चुकलं, छपरावर ठिणगी पडली, तर टोपी काढायची आणि आपल्या खऱ्या आवाजात बोलायचं. हा हक्क गावातल्या प्रत्येकाला होता, शेळ्या राखणाऱ्यालासुद्धा. ऑरिननं सतरा वर्षांत तो एकदाही वापरला नव्हता. एकदा कानात मधमाशी शिरली, तेव्हाही त्यानं तिला शिव्या दिल्या त्या जुन्या काळातल्याच.

त्या शनिवारी लायल हॅस्किन्स निवृत्त होत होता. एकाहत्तर वर्षांचा, सव्वीस वर्षं कॅप्टन. त्याची मुलगी दोन नातवंडांना घेऊन ओहायोहून आली होती आणि दोराच्या पलीकडे अगदी पुढे उभी होती. लायलनं स्वतःच ठरवलं होतं की शेवटच्या दिवशी हुकूम ऑरिननं द्यायचे आणि आपण साधा शिपाई म्हणून रांगेत उभं राहायचं. बंदूक त्याची स्वतःची, बत्तीस वर्षांपूर्वी एका लोहाराकडून घडवून घेतलेली, तोड्याची; म्हणजे जळती सुतळी लावून उडवायची. कान मात्र आता त्याचे राहिले नव्हते. कानातली यंत्रं १६३४ साली नव्हती म्हणून तो ती रोज सकाळी काढून डबीत ठेवी, आणि दिवसभर माणसांच्या ओठांकडे बघून काम भागवी.

“ऑरिन, आवाज पोटातून काढ रे,” रांगेत शिरताना तो म्हणाला. “परवाच्या सरावात तुझा हुकूम बदकांनी पाळला, शिपायांनी नाही.”

“तुम्हाला कुठे ऐकू आलं, कॅप्टन?”

“कान गेलेत, डोळे शाबूत आहेत. बदकं उडताना दिसली ना!”

त्याच्या उजव्या हाताला इनेझ फुर्ताडो उभी होती. एरवी शाळेची बस चालवणारी, चौतिशीची, केस टोपीत कोंबून शिपाई झालेली. ती हसली. “सार्जंट, घाबरू नका. बसमध्ये मी पन्नास पोरांना गप्प करते. तुम्हाला तर पाचच जण आहेत आणि एक बहिरा.”

“कोण बहिरा?” लायल म्हणाला. नेमकं हेच त्याला दिसलं होतं.

विमा कंपनीच्या बाई, मिसेस टिबेट्स, दोराच्या आत डावीकडे उभ्या होत्या. पायात रबरी बूट, हातात वही, कानामागे पेन्सिल. दुसऱ्या कुठल्याशा राज्यातल्या अशाच गावात गेल्या वर्षी एकाची दोन बोटं उडाली होती, तेव्हापासून कंपनी दरेक गावाची कवायत बघून मगच तिला पुढच्या हंगामाची परवानगी देत होती. बाईंनी महिन्याभरापूर्वी आठ पानी नियम पाठवले होते. ऑरिननं त्यातलं पहिलं पान वाचलं. बाकीची सात पानं त्याला वाचल्यासारखीच होती, कारण भटारखान्यात सगळे त्यावरच बोलत: वहीत नोंद झाली की कवायत बंद, आणि हुकूम देणारा घरी.

तीनला पाच मिनिटं कमी असताना दोराशी तीनशे माणसं झाली. वारा समुद्रावरून येत होता, बेताचा. सहा नळ्या समुद्राकडे वळल्या.

“झाडा!” ऑरिन ओरडला.

आवाज चांगला पोटातून निघाला. धडाका एकच झाला, पोरं किंचाळली, बदकं उडाली. आणि ऑरिनला, त्याच्या मते एकट्या ऑरिनला, कारण तो रांगेच्या टोकाशी आडवा उभा होता, दिसलं की नळ्यांच्या तोंडून धुराचे लोट निघाले ते पाच.

लायलच्या बंदुकीच्या कडेच्या वाटीतली रंजक, म्हणजे आतला बार पेटवणारी चिमूटभर दारू, भडकली होती. पिवळी जीभ वर आली, विझली. पण नळी बोलली नव्हती. आग वाटीतच संपली. आतली दारू जशीच्या तशी बसून होती. इनेझचा बार इतका जवळ उडाला की लायलला तो आपलाच वाटला. गोळी नसलेल्या कोऱ्या बाराला खांद्याला धक्का तसाही फारसा बसत नाही. म्हातारा धुरात समाधानानं डोळे मिचकावत नातवाकडे बघत होता.

अशा वेळी काय करायचं हे गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होतं. नळी समुद्राकडे, कुणी हलायचं नाही, साठ आकडे मोजायचे, मग नळीत पाणी ओतायचं. त्यासाठी लागत होती एक टोपी, तीही काढायची फक्त.

ऑरिननं मनाशी मांडणी केली. टोपी काढली तर तीनशे माणसांपुढे कवायत थांबणार. बाईंची पेन्सिल कानामागून निघणार. लायलचा शेवटचा बार फुसका निघाला हे त्याच्या नातवंडांपुढे जाहीर होणार. आणि कमरपट्टा, घर, हिवाळा. दुसऱ्या बाजूला काय? दुसऱ्या बाजूला ‘कदाचित’. कदाचित वारा आडवा असेल. कदाचित सहावा लोट पाचव्यात मिसळला असेल. ‘कदाचित’ला वजन नसतं, म्हणून माणूस ते पारड्यात हवं तेवढं घालतो. ऑरिननं ओंजळीनं घातलं.

दुसऱ्या फैरीपर्यंत बावीस हुकूम होते. तेवढ्यात काहीतरी युक्ती काढू, असं त्यानं ठरवलं, आणि पहिला हुकूम दिला.

“वाटी पुसा!”

सहा अंगठे फिरले.

“रंजक घाला!... वाटी मिटा!... उरलीसुरली झटका!”

चार झाले. ऑरिन दोन पावलं पुढे आला आणि कपाळाला हात लावून कवायतीच्या आवाजात म्हणाला, “कॅप्टन हॅस्किन्स! गव्हर्नरसाहेबांचा सांगावा आहे. बंदूक खाली ठेवून ताबडतोब भेटायला यावं!”

त्याला वाटलं, झकास सुचलं. १६३४ मोडलं नाही, टोपी जागेवर, आणि लायल रांगेतून बाहेर. पण त्या गावात टोपी डोक्यावर ठेवून बोललेलं काहीच कुणी खरं मानत नसे. सव्वीस वर्षं लायलचं पोट त्यावरच भरलं होतं. त्यानं ओठ वाचले, डोळे चमकले, आणि पल्लेदार आवाजात उत्तर आलं:

“गव्हर्नर? त्यांना सांग, गेल्या हिवाळ्यात माझ्या वाटचं डुक्कर त्यांनी खाल्लं. ते परत पाठवा, मग येतो!”

लोक खो खो हसले. नात टाळ्या पिटायला लागली. रांगेतले बाकीचेही गालात हसले. सार्जंटनं म्हाताऱ्याला निरोपाच्या दिवशी विनोदाची छान संधी काढून दिली, असंच सगळ्यांना वाटलं. सार्जंटनं ओठ ताणून हसल्यासारखं केलं.

“बंदूक फिरवा! दारूची कुपी उघडा!”

सहा झाले. ऑरिन रांगेपुढून चालत लायलपाशी आला. त्याच्या बंदुकीवर हात ठेवला. नळी थंड होती. इनेझची नळी हातभरावर होती, तिच्यावरून उबेचे तरंग उठताना दिसत होते. आता ‘कदाचित’ संपलं.

“हा तोडा ओलसर दिसतोय,” तो मोठ्यानं म्हणाला. “बंदूक इकडे द्या, शिपाईदादा. तपासावी लागेल.”

लायलनं बंदूक छातीशी ओढली. “सार्जंट, आज हुकूम तुझा. बंदूक माझी.” आणि मग हलकेच, ओठही न हलवता, “अरे, पुरे आता. डुकरावरच सोडायचं होतं. ताणलं की हसू मरतं.”

इथं टोपी काढली असती तरी फार बिघडलं नव्हतं. नळीत एकच माप होतं. ऑरिन आपल्या जागेवर परत गेला. चालताना त्यानं बाईंकडे पाहिलं. पेन्सिल कानामागे नव्हती.

“दारू ओता!”

लायलच्या नळीत जुन्या मापावर नवं माप पडलं.

“बोळा घाला!... गज काढा!... ठासा!”

दहा. दारू ठासायचे सहा गज नळ्यांत गेले, तागाचे बोळे खाली बसले, आणि क्षणभर सहाही गज नळ्यांच्या तोंडाशी उभे राहिले. पाचांची टोकं एका ओळीत होती. सहावं चांगलं चार बोटं वर. बत्तीस वर्षं जुनी नळी, दोन मापं दारू, दोन बोळे घट्ट ठासलेले. समुद्राकडच्या वाटेनं एवढं सगळं बाहेर पडलं नाही, तर ते वाटीकडून बाहेर पडणार. आणि वाटी उजवीकडे असते. उजवीकडे इनेझचा गाल होता.

तिनंही ती चार बोटं पाहिली. आधी गजाकडे, मग सार्जंटकडे. टोपी तिच्याही डोक्यावर होतीच. काढायचा हक्क तिलाही होता. पण हुकूम देणाऱ्यानं बंदुकीवर नुकताच हात ठेवून पाहिला होता. त्यानं पाहिलंय म्हणजे ठीक असणार. बसमधली पोरं ड्रायव्हरकडे ज्या भरवशानं बघतात, तसं तिनं त्याच्याकडे पाहिलं. ऑरिननं नजर समुद्राकडे वळवली.

“गज परत!” अकरा. “खांद्याला!” बारा.

आता तो हुकूम लांबवायला लागला. दोन हुकमांच्या मध्ये पाहुण्यांना तोड्याची सुतळी कशात उकळतात ते सांगितलं, पावसात काय होतं ते सांगितलं. एका मुलानं विचारलं, “कुणी मेलं होतं का यानं?” त्याचं उत्तर मात्र दिलं नाही. पण सुतळी जळत होती आणि लोक पाय बदलायला लागले होते. कुणीतरी पुटपुटलं, “किती बोलतो हा!”

सोळा झाल्यावर तो पुन्हा लायलसमोर आला, पाहुण्यांकडे पाठ करून, नाकाला नाक लागेल इतका जवळ, आणि कुजबुजला, “लायल. तुझा बार उडालाच नाही.”

कुजबुजला. बहिऱ्या माणसाशी. बारा पावलांवर बाई नसत्या, तर ओरडला असता. आणि घाबरलेला माणूस कुजबुजतो तेव्हा ओठ हलवत नाही, म्हणून लायलला तेही वाचता आलं नाही. त्याला दिसला फक्त ओल्या डोळ्यांचा ऑरिन, अगदी जवळ आलेला. म्हाताऱ्याचा चेहरा विरघळला.

“मलाही करमणार नाही रे,” तो म्हणाला. “चल, उरक आता. खांदा दुखतोय.”

पण इनेझनं ऐकलं. तिची मान हलली नाही, बंदूक हलली नाही. फक्त तोंडावरचा रंग उतरला. “सार्जंट,” ती हळूच म्हणाली.

“तोडा फुंका!” ऑरिन म्हणाला. सतरा.

सहा निखारे लाल झाले.

“तोडा अडकवा!” अठरा. “निखारा तपासा!” एकोणीस. आता आवाज पोटातून येत नव्हता, कुठून येतोय हे त्याचं त्यालाही कळत नव्हतं. प्रत्येक हुकूम देताना वाटायचं की हा शेवटचा, यानंतर थांबवू. आणि प्रत्येक हुकमानंतर थांबवणं आणखी महाग झालेलं असायचं, कारण ‘मग आत्तापर्यंत काय करत होतास?’ याचं उत्तर एकेक हुकमानं लांबत होतं.

“वाटी उघडा!”

वीस. उघड्या रंजकेपासून निखारा दोन बोटांवर. उरले दोन, ‘नेम धरा’ आणि ‘झाडा’.

“आजोबा! इकडे!” नातू दोरावर चढून ओरडला. ते लायलला ऐकू जायचं कारण नव्हतं, पण हात हललेला दिसला. तो हसून त्या बाजूला वळला, त्याच्याबरोबर नळीही वळली, आणि नळीचं बूड इनेझच्या कानशिलाला जवळजवळ टेकलं. इनेझनं डोळे मिटून घेतले. जागा सोडली नाही. रांग सोडायचा हुकूम नव्हता.

ऑरिननं टोपी काढली.

“थांबा,” तो म्हणाला. आवाज हार्डवेअरच्या दुकानातला होता, साधा, थोडा चिरका. “सगळे थांबा. तोडे काढा, वाट्या मिटा. पाच जण मागे. लायल, नळी समुद्राकडे. तुझा पहिला बार उडालेला नाही. आत दोन आहेत.”

उघडं डोकं दिसताच पाच जण लाकडासारखे ताठ झाले आणि चार पावलं मागे सरले. लायलनं टोपी पाहिली, मग ओठ वाचले. पुन्हा एकदा, हळूहळू. मग त्यानं तोडा काढून मागे दिला, नळी समुद्राकडे धरली आणि एकटाच उभा राहिला.

“साठ मोजतोय,” ऑरिन म्हणाला. “एक. दोन.”

सातपर्यंत शांतता होती. आठाला मागून कुणीतरी आवाज मिसळला. पंधरापर्यंत तीनशे माणसं हसत, पायानं ताल धरत मोजत होती. त्यांना हा कवायतीतला सगळ्यात रंगतदार भाग वाटला. नातवंडंही मोजत होती. चाळिसाला म्हाताऱ्याचे हात थरथरायला लागले. मदतीला कुणी जायचं नाही, हा नियमच होता. साठाला टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि त्या गजरात सार्जंटनं बादली आणून कॅप्टनच्या बंदुकीत पाणी ओतलं.

कवायत तिथंच संपली. दारूच्या कोठीमागे बाकावर बसून मिसेस टिबेट्सनी वही गुडघ्यावर घेतली. ऑरिन समोर उभा राहिला, टोपी हातातच.

“बार फुकट गेला,” तो म्हणाला. “त्याची नोंद होणार, मला ठाऊक आहे.”

“होणार,” बाई म्हणाल्या. “पण कसली, ते ठाऊक आहे का? नियम वाचले होते?”

“वाचले.”

“तिसरं पान?”

बाई उत्तरासाठी थांबल्या नाहीत.

“तिसऱ्या पानावर लिहिलंय, मिस्टर पेल. बार न उडणं हा अपघात नाही. तोड्याच्या बंदुकीचा तो स्वभाव आहे. तो दिसताच थांबवलं तर ती चांगली कवायत, शेरा उत्तम. मी स्वतः अकरा वर्षं रांगेत उभी राहिलेय. धूर मोजायची सवय अजून जात नाही. मीही पाचच मोजले.”

“मग तुम्ही का नाही थांबवलंत?”

“‘झाडा’च्या आधी थांबवलंच असतं. शिटी दातांत धरून होते.” त्यांनी कोटाच्या कॉलरमधून शिटी काढून दाखवली. “मला बघायचं होतं, तुम्ही कधी थांबवता. वीस हुकूम. सहाव्यापर्यंत थांबला असतात, तरी मी ‘उशीर’ लिहून सोडून दिलं असतं. नळी थंड लागली ना हाताला?”

“लागली.”

“हे खरं बोललात, ते बरं केलंत,” बाई म्हणाल्या आणि तेही लिहून घेतलं.

बाहेर इनेझ कुंपणाला टेकून उभी होती. केस मोकळे सोडलेले, हात अजून काळे.

“मला वाटलं, तुम्ही बघितलंय म्हणजे ठीक असेल,” ती म्हणाली.

“इनेझ, मी थांबवणारच होतो.”

“कितव्याला?”

तो मनात हुकूम मोजायला लागला.

“मी शाळेच्या बसला कधी उशिरा ब्रेक लावला, तर मला दुसऱ्या दिवशी कुणी चावी देत नाही,” ती म्हणाली. “आणि दिली तरी पोरं बसत नाहीत. तुम्ही हुकूम देणार असाल, तर मी रांगेत नाही. तुम्ही दिले नाहीत तरी आता नाही.”

लायल मुलीच्या गाडीत बसायला निघाला होता. ऑरिन धावत गेला. म्हाताऱ्यानं कानात यंत्रं घातली होती, त्यामुळे या खेपेला त्याला सगळं ऐकू आलं: माफी, वारा, गव्हर्नरचा निरोप, कुजबुज. शेवटपर्यंत ऐकून तो म्हणाला, “डुकराचा विनोद मी केला, तेव्हा तुला ठाऊक होतं?”

“होतं.”

“आणि तू हसलास.” त्यानं दार ओढून घेतलं.

हिशेब निघाला तो असा. पाहुण्यांनी तिकिटाएवढं दिलं आणि तिकिटाहून जास्त पाहिलं. त्यांचं देणंघेणं फिटलं. विमा कंपनीचं काहीच गेलं नाही. लायल हॅस्किन्सनं शेवटचा बार दिला, आणि त्या एका मिनिटाच्या हातांच्या थरथरीत सव्वीस वर्षांचा कॅप्टनही. रांगेतल्या चौघांनी पुढचा सबंध हंगाम दिला. कवायत बंद राहिली आणि बिनदारूच्या बंदुका खांद्यावर टाकून ते शेळ्यांच्या कुंपणाशी उभे राहू लागले. इनेझ फुर्ताडो कुणाचंही काही देणं लागत नव्हती, तरी तिनं दिलं: चार वर्षांची रांगेतली जागा, आणि उजव्या बाजूला काहीही फट्कन वाजलं की मिटणारे डोळे. कॅप्टन म्हणून पुढच्या एप्रिलात बाहेरचा एक माणूस आला.

ऑरिन पेल सार्जंटच राहिला, त्याच धुरकट घरात, आणि त्याचं देणं अजून फिटतंय. रोज दुपारी तीनला कुणीतरी पाहुणा येऊन विचारतो, “आज बंदुका कधी उडणार?” टोपी डोक्यावर असते, वर्ष १६३४ असतं, आणि तो सांगतो की दारूचं जहाज अजून पोचलं नाही. दिवसाला वीसेक जण तरी विचारतात. प्रत्येकाला उत्तर द्यावं लागतं.